चार्ज दिला, चार्ज घेतला

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबात जे इंग्रजी शब्द घरच्यासारखे होऊन बसतात, त्यांत 'चार्ज' या शब्दाचा मान मोठा आहे. बदलीला आम्ही बदलीच म्हणतो, हुकमाला हुकूम म्हणतो, रजेला रजा म्हणतो. परंतु बदलीच्या हुकमामागून जे येते त्याला मात्र चार्जच म्हणतो. "सोमवारी येथला चार्ज देतो आणि शुक्रवारी तिकडचा घेतो" हे वाक्य ऐकूनच गृहिणीने किती वेळा फळीवरची भांडी उतरविली असतील, मुलांनी किती वेळा शाळेचा दाखला मागितला असेल, याची गणती नाही. कार्यभार, पदभार, प्रभार असे चांगले, भारदस्त प्रतिशब्द आता रूढ झाले आहेत. ते आम्ही कागदावर लिहितो, शिक्क्यावर कोरवितो. घरात शिरताना मात्र ते शिक्क्याबरोबरच कचेरीत ठेवून येतो.

हा शब्द आमच्या डोक्यात पुन्हा घोळू लागण्याचे निमित्त अगदी क्षुल्लक झाले. निवृत्त होऊन आम्हांस आता बरीच वर्षे झाली. परवा आमचा नातू आमचा मोबाईल हाती घेऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा चार्ज संपला." त्याच्या मनात दुसरे काही नव्हते; पण ऐकताना आम्ही क्षणभर दचकलो. त्याने तारेचे एक टोक भिंतीत आणि दुसरे मोबाईलमध्ये खोचून आमचा चार्ज आम्हांस परत मिळवून दिला आणि तो खेळायला गेला. आम्ही उठून कोश काढला.

कोशात दिसते ते असे. रोमन लोकांनी गॉल लोकांकडून गाड्यासाठी 'कारुस' हा शब्द उचलला. सीझरने गॉलमधील आपल्या मोहिमांचा जो वृत्तांत लिहिला आहे त्यात हेल्वेटी जमातीच्या गाड्यांसाठी हाच शब्द येतो. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कारिकारे' असे क्रियापद झाले. त्याचा अर्थ गाड्यात ओझे भरणे. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये 'शार्जिए'च्या वळणाचे रूप झाले आणि नॉर्मनांच्या मागोमाग तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत शिरले. म्हणजे मूळचा चार्ज हा बैलांना किंवा घोड्यांना ओढावा लागणारा माल होय. याच गाड्यातून 'कार' निघाली, 'कॅरी' निघाले, जहाजावरचा 'कार्गो' निघाला. गाड्यांच्या रस्त्याला जे नाव पडले त्यातून शर्यतीचा मार्ग आणि शर्यतीच्या मार्गातून 'करिअर' निघाले; मुलाच्या करिअरची चिंता वाहणाऱ्या बापाला आपण मूळच्या बैलगाडीच्या वाटेविषयीच बोलत आहोत याची कल्पना नसते. इटालियन भाषेत अतिशय भार चढविलेल्या चित्राला 'कारिकातूरा' म्हणू लागले; व्यंगचित्राचा इंग्रजी शब्द तो हाच. पोर्तुगीज भाषेत तर 'कार्गु' याचा अर्थ हुद्दा असाही होतो. १९६१ पर्यंत गोव्याच्या कचेऱ्यांत ज्यांनी नोकरी केली ते जहाजावरचा माल आणि आपला हुद्दा एकाच कुळातल्या शब्दांनी ओळखत होते. त्यात किती सत्य आहे हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे.

आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या कचेऱ्यांत पूर्ण अधिकार न देता तात्पुरते काम पाहावयास सांगतात, त्याला 'करंट चार्ज' म्हणण्याची रीत आहे. भाषाशास्त्रज्ञ 'करंट' या शब्दाच्या बुडाशी असलेला धावण्याचा धातू आणि 'चार्ज'च्या बुडाशी असलेला गाडा यांचे मूळ एकच मानतात. तेव्हा करंट चार्ज घेतलेल्या माणसास दुप्पट धावावे लागते, हा आमचा अनुभव व्युत्पत्तीस धरून आहे.

परंतु हे सर्व झाले कुळकथेचे कौतुक. आम्ही थांबलो ते दुसऱ्याच ठिकाणी. गाड्यात माल भरण्याचा हा साधा शब्द इंग्रजीत येऊन इतक्या वेगवेगळ्या, किंबहुना परस्परांस विन्मुख दिसणाऱ्या अर्थांचा धनी कसा झाला? बंदुकीत दारू भरणे हा चार्ज. तेथे गाड्याऐवजी नळी आली, एवढेच. अठराव्या शतकात फ्रँकलिनप्रभृतींनी काचेच्या बरणीत वीज साठविली, तेव्हा तीही बंदुकीसारखी भरली असे समजून तिला तोच शब्द लाविला. आमच्या नातवाचा चार्ज तो हा. मालाचे भाडे द्यावे लागते म्हणून दर, आकार, खर्च हाही चार्ज. माणसाच्या माथी काम ठेवले, तोही चार्ज. ज्याला सांभाळावयाचे ते मूल, तो रोगी, तो कैदी, तोही सांभाळणाऱ्याचा चार्ज. शत्रूवर आपला सगळा भार घालून तुटून पडणे हा चार्ज. आणि माणसाच्या माथी गुन्हा ठेवणे हाही चार्जच. न्यायाधीश ज्यूरीला जो उपदेश करी त्यालाही चार्ज म्हणत. १९५९ साली मुंबईत नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले. पुढे हायकोर्टाने ज्यूरीला केलेल्या त्या उपदेशातच दोष काढले आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने आरोपीची शिक्षा कायम केली. एकाच खटल्यात आरोपीवरचा चार्ज आणि न्यायाधीशाचा चार्ज असे दोन्ही तपासले गेले. ज्यूरीची ती पद्धत १९७३ च्या फौजदारी संहितेने पुसून टाकली, म्हणून हा अर्थ आपल्याकडे आता केवळ जुन्या निकालपत्रांत उरला आहे.

इंग्रजी भाषेला विशेष दोष देण्याचे कारण नाही. आपल्या शब्दांचे अंतरंग उघडून पाहिले तर तेथेही हाच प्रकार दिसतो. ओझे या अर्थाचा 'भार' शब्द 'भृ' धातूपासून आला. त्याचा अर्थ वाहणे आणि पोसणेही. त्याच धातूपासून भर्ता झाला, भार्या झाली, आणि भृत्यही झाला. ज्याला पोसावयाचे तो भृत्य, आणि त्याच्या वेतनाचे नाव भृती. सरकारी नोकर भार वाहतो आणि सरकार त्याचा भार वाहते. संस्कृत भाषेने दोघांना एकाच धातूच्या दावणीस बांधून ठेविले आहे. 'आरोप' तर याहून मौजेचा आहे. त्याच्या मुळाशी चढविणे, वर ठेवणे हा अर्थ आहे. झाडाचे रोप, वृक्षारोपण, धनुष्याला दोरीचे आरोपण आणि न्यायालयातला आरोप ही सख्खी भावंडे होत. आपला तलाठी सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात 'बोजा चढविला' असे लिहितो. त्या बोजालाही इंग्रजी कायद्यात चार्जच म्हणतात. वेदान्त्यांनी यापुढे एक पाऊल टाकले. दोरीवर साप पाहावा, तसे जे नाही ते आहे त्यावर चढविण्याला त्यांनी 'अध्यारोप' म्हटले आणि ते उतरविण्याला 'अपवाद'. निर्दोष माणसावरच्या खटल्याचे याहून चांगले वर्णन कोणत्या वकिलाने केले आहे?

आणि यावनी आमदानीत आलेला 'हवाला' पाहा. हवाली करणे म्हणजे सोपविणे. ज्याच्या हवाली केले तो हवालदार. आज हवालदार म्हटले की डोळ्यांपुढे चौकातला शिपाई येतो, आणि नुसते हवाला म्हटले की काळ्या पैशाची चोरवाट आठवते. परंतु शिवकालात हवालदार हा किल्ल्याचा धनी होता. इंग्रजीत म्हणावयाचे तर किल्ल्याचा चार्ज त्याजकडे असे. त्या व्यवस्थेविषयी पुढे बोलावयाचे आहे.

राज्यघटनेत या शब्दाचा जो उपयोग केला आहे तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. एकशे बाराव्या अनुच्छेदात राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, महालेखापरीक्षकांचे वेतन, सरकारी कर्जाचे व्याज, असा काही खर्च संचित निधीवर 'चार्ज्ड' केलेला आहे. आपल्या अंदाजपत्रकांत एका रकान्यावर 'दत्तमत' आणि दुसऱ्यावर 'भारित' असे लिहिलेले असते, ते यामुळेच. दत्तमत खर्चाला सभागृहाचे मत लागते. भारित खर्चावर चर्चा होते, मत घेतले जात नाही. जे देणे मान्य आहे की नाही असे विचारण्याची सोयच नाही, ते भारित.

आता आमचा प्रश्न मांडतो. गाड्यातला माल एका गाड्यातून काढून दुसऱ्या गाड्यात भरला म्हणजे पहिला गाडा मोकळा होतो. विजेचेही तसेच. पदार्थविज्ञानाचा नियम असा की विद्युत्प्रभार एकूणात वाढत नाही आणि घटत नाही. एकाकडून गेला तेवढाच दुसऱ्याकडे येतो. (हिंदी भाषिक प्रांतांत नोकरी केलेल्यांना ठाऊक असेल की तेथे याच प्रभाराला 'आवेश' म्हणतात, आम्ही ओझे म्हणतो आणि ते अंगात येणे म्हणतात.) आपल्या सरकारी चार्जचीही रचना याच समजुतीवर झाली आहे. १९२२ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून चालत आलेल्या फंडामेंटल रूल्समधील सतरावा नियम पाहावा. ज्या दिवशी मनुष्य पदाची कर्तव्ये हाती घेईल त्या दिवसापासून त्याला पगार, आणि ती कर्तव्ये पार पाडणे थांबविल्याबरोबर त्या पदाचा पगार बंद. पार पाडणे या अर्थी तेथे जो इंग्रजी शब्द आहे तो 'डिस्चार्ज'. म्हणजे गाडा रिकामा करणे. बंदूक झाडली की ती डिस्चार्ज, रोगी घरी गेला की डिस्चार्ज, आरोपीविरुद्ध दोषारोप ठेवण्याइतकाही पुरावा नसला की तो डिस्चार्ज, आणि कर्तव्य केले की तेही डिस्चार्ज. चार्ज पूर्वाह्नी दिला की अपराह्नी, याचा टिपणात उल्लेख करावयाचा, दोघांनी खाली सह्या करावयाच्या, प्रती महालेखापालांकडे आणि वरिष्ठांकडे धाडावयाच्या, की एक गाडा मोकळा झाला आणि दुसरा भरला.

माणसाच्या जबाबदारीचे खरोखर असे होते काय?

वॉरन हेस्टिंग्सने फेब्रुवारी १७८५ मध्ये गव्हर्नर जनरलपदाची सूत्रे खाली ठेविली आणि मॅकफर्सनच्या हाती ती देऊन तो विलायतेस निघून गेला. कागदोपत्री त्याचा गाडा मोकळा झाला होता. पुढल्याच वर्षी एडमंड बर्कने कॉमन्स सभेपुढे त्याच्यावरील आरोपांची कलमे मांडण्यास आरंभ केला. बनारसचा राजा चैतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्याशी केलेले वर्तन ही त्यांतली प्रमुख कलमे होती. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी तो निर्दोष सुटला. सात वर्षांत खटल्याच्या खर्चाने त्याची मिळकत धुऊन नेली. एका शब्दाचे तीन अर्थ एका माणसाच्या आयुष्यात असे ओळीने आले: प्रथम चार्ज घेतला, मग चार्ज आले, आणि शेवटी चार्जेस भरावे लागले. हेस्टिंग्स दोषी होता की नव्हता याचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, कलकत्त्यास झालेल्या त्या सह्यांनी बर्कचे समाधान झाले नाही. आपण ज्या मुलखाचा भार वाहिला त्या मुलखाला उत्तर देण्याचे काम पद सोडल्याने सुटत नाही, असे तो म्हणत होता. आणि खटला हरला तरी त्याचे हे म्हणणे खोडले गेले असे आम्हांस वाटत नाही.

याची उलट बाजू बालाक्लाव्हाच्या रणांगणावर दिसते. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात इंग्रजांच्या हलक्या घोडदळाचे सुमारे ६७० स्वार तोफांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या दरीत घातले गेले आणि त्यांतले शंभराहून अधिक ठार झाले. टेनिसनने त्याच वर्षी त्यावर कविता केली आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीने ती घोकली. शौर्याविषयी शंका नाही. परंतु तो हल्ला हवा होता कोणाला? सेनापती रॅग्लनचा हुकूम दुसऱ्याने लिहिला, कॅप्टन नोलनने तो आणला, लूकनने तो घेतला, कार्डिगनने तो अंमलात आणला. टेकडीवरून रॅग्लनला दिसत होत्या त्या तोफा निराळ्या, आणि दरीतून लूकनला दिसत होत्या त्या निराळ्या. नोलन तर हल्ल्याच्या प्रारंभीच ठार झाला, म्हणून साक्षीला राहिला नाही. मागाहून रॅग्लनने लूकनला बोल लाविला, लूकनने रॅग्लनला आणि मेलेल्या नोलनला. हुकूम सर्वांनी पाळला होता. प्रत्येकाने आपल्याकडे आलेला माल पुढच्या गाड्यात भरला होता. चार्ज झाला, परंतु तो कोणाच्या चार्जमध्ये झाला हे शंभर मुडदे पडल्यावरही ठरेना.

आपल्याकडे शिवछत्रपतींनी किल्ल्यांवर जी व्यवस्था ठेविली होती तीत या दुखण्यावर एक उपाय योजिलेला दिसतो. सभासदाच्या बखरीवरून कळते की, गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे एकाच प्रतीचे अंमलदार असत आणि त्यांनी एकविचाराने कारभार करावयाचा असे. कोठी आणि सामान यांकडे कारखानीस पाही. एकट्याच्या मनात आले म्हणून गड फितूर होऊ नये हा त्यातला उघड हेतू. चार्ज फोडून तिघांना दिला म्हणजे प्रत्येकाकडे तिसरा हिस्सा आला, असे मात्र तेथे नव्हते. गड गेला तर तो तिघांच्या हातून गेला, आणि प्रत्येकाच्या हातून पुरता गेला. आजच्या समित्यांत पाच सह्या असल्या की प्रत्येकजण आपल्याला पंचमांश झोप मोडणे पुरे समजतो. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

चार्ज देण्याघेण्याचा आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत सुंदर प्रसंग मात्र वाल्मीकीने लिहिला आहे. आपल्या भाषेत बोलावयाचे तर भरत हा चौदा वर्षे ऑफिशिएटिंग होता. राज्य आपले नाही, ठेव म्हणून आपल्या हाती आहे, असे म्हणून त्याने पादुका सिंहासनावर ठेविल्या आणि स्वतः नंदिग्रामी राहिला. राम परत आला तेव्हा भरताने पादुका त्याच्या पायांत घातल्या, राज्य परत दिले, आणि मग तो जे म्हणाला ते प्रत्येक चार्ज-लिस्टच्या माथ्यावर असावे असे आहे. कोश पाहा, कोठार पाहा, नगर पाहा, सैन्य पाहा. तुझ्या प्रतापाने सारे दसपट केले आहे, अशा आशयाचे ते बोलणे आहे. मोजून घ्या असे देणाऱ्याने आपण होऊन म्हणावे आणि वाढीचे श्रेय घेणाऱ्याला द्यावे, हे त्रेतायुगातच शक्य असावे. आमच्या सबंध नोकरीत आम्हांस कोणी काही दसपट करून दिल्याचे स्मरत नाही. प्रलंबित प्रकरणांची गोष्ट वेगळी.

येथे कोणी व्यवहारी वाचक आम्हांस थांबवील, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. मागच्याच्या प्रत्येक कृत्याचा जाब पुढच्याला द्यावा लागला, आणि पुढच्याच्या प्रत्येक चुकीचा मागच्याला, तर एकही कचेरी आठवडाभर चालणार नाही. आयुष्यात कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि चार्ज-रिपोर्ट ही ती रेघ आहे. तिजोरीची किल्ली आज दुपारी कोणाजवळ होती हे निश्चित असणे ही राज्याची गरज आहे, लहर नव्हे. शिवाय माणसे बदलली तरी पद मरत नाही. पत्र पदनामाला येते, उत्तर पदनामाने जाते. मागच्याने दिलेला शब्द पुढच्याला पाळावा लागतो तो त्या पदामुळेच. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आम्ही तीसहून अधिक वर्षे याच रेघेच्या आधाराने झोपलो.

अडचण एवढीच आहे की पदाला स्मरण असते, दप्तर असते, शिक्का असतो. झोप न येण्याचे इंद्रिय त्याला नसते. ते माणसाला असते आणि माणसाची बदली होते. ज्याचे काम अडले आहे तो मनुष्य मात्र तेथेच राहतो. तो दर वेळी कचेरीत येतो आणि त्याला नवा साहेब भेटतो. नव्या साहेबाला तो जुनी हकीकत पहिल्यापासून सांगतो. नवा साहेब सहानुभूतीने ऐकतो आणि खरे तेच सांगतो, की हे आमच्या आधीचे आहे. जुन्या साहेबाला लिहिले तर तोही खरे तेच सांगतो, की आम्ही चार्ज दिला आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. गाड्यातून गाड्यात जाताना जे वाटेत सांडले, ते कोणत्याच यादीत नसते.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. नोकरीच्या मध्यावर आमची बदली मध्य भारतातल्या एका लहानशा गावी झाली. ज्यांच्याकडून चार्ज घेतला ते गृहस्थ सज्जन होते. त्यांचे सामान बांधून झाले होते, गाडी दुपारची होती, आणि बाहेर जीपमध्ये त्यांच्या मातोश्री बसून होत्या. आम्ही डेड स्टॉक रजिस्टर उघडले आणि शिरस्त्याप्रमाणे वस्तू मोजल्या. खुर्च्या मोजल्या, कपाटे मोजली, भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ पाहिले आणि 'नादुरुस्त' असा शेरा लिहून घेतला. प्रलंबित प्रकरणांच्या ओळीत एक आकडा होता. तो आम्ही मोजला नाही; खुर्चीसारखा तो डोळ्यांना दिसत नव्हता. सह्या केल्या, चहा घेतला, त्यांना निरोप दिला.

सुमारे आठ महिन्यांनी एक वृद्ध बाई आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा त्याच कचेरीत चौकीदार होता आणि नोकरीत असतानाच वारला होता. कुटुंब-निवृत्तिवेतनाचा तिचा कागद त्या आकड्यातला एक होता. तिने विचारले, "साहब, कागज कहाँ तक पहुँचा?" आम्ही कागद मागविला. नवऱ्याच्या सेवापुस्तकात दीड वर्षाची पडताळणी राहिली होती. त्या दीड वर्षाची पगारपत्रके पाहून एक दाखला लिहावयाचा, इतकेच काम होते. तो काळ आमच्या पूर्वाधिकाऱ्यांच्या कारकीर्दीतला. तेव्हा आम्ही त्यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर लौकर आणि अत्यंत सभ्य भाषेत आले: आपण अमुक तारखेस पूर्वाह्नी संपूर्ण चार्ज दिला असून सर्व अभिलेख आपल्या ताब्यात आहेत, सोबत चार्ज-रिपोर्टची नक्कल. ते सर्वस्वी बरोबर होते.

पगारपत्रके खालच्या कोठीत होती. दोन कारकून आणि दोन दिवस, एवढ्यात ती निघाली असती. आम्ही कोशागाराला पत्र लिहिले, त्याला स्मरणपत्र लिहिले, आणि दौऱ्यावर गेलो. बाई महिन्यातून एकदा येई आणि आम्ही तिला पत्राची तारीख सांगत असू. तारीख ऐकून तिला धीर येई, हे आम्हांस तेव्हाही दिसत होते. नंतर आमची बदली झाली. आम्ही रीतसर यादी केली, प्रलंबित प्रकरणांच्या ओळीत आकडा लिहिला आणि आमच्या उत्तराधिकाऱ्यांना, तेही तरुण आणि उत्साही होते, घड्याळ बंद असल्याचे दाखविले.

दीड वर्षाने नव्या गावी त्यांचे पत्र आले. तोच विषय, तेच सेवापुस्तक. आम्ही लघुलेखकाला बोलावून उत्तर सांगितले. शब्द आठवावे लागले नाहीत. आपण अमुक तारखेस अपराह्नी संपूर्ण चार्ज दिला असून सर्व अभिलेख आपल्या ताब्यात आहेत.

त्या बाईला पुढे वेतन मिळाले असे त्या गावच्या एका जुन्या कारकुनाने फार दिवसांनी भेटल्यावर सांगितले. किती वर्षांनी मिळाले हे आम्ही विचारले नाही.

परवा नातू खेळायला गेल्यावर, कोश मिटून, आम्ही जुनी पेटी उघडली. बदल्यांचे कागद आम्ही तारीखवार लावून ठेविले आहेत. त्या गावचे चार्ज-रिपोर्ट दोन्ही सापडले, घेतल्याचा आणि दिल्याचा. खुर्च्या दोहोंत सारख्याच आहेत. घड्याळापुढे 'नादुरुस्त' आहे. प्रलंबित प्रकरणांचा आकडा घेताना चौदा होता आणि देताना एकोणीस. दोन्हींखाली आमची सही आहे.